शून्याने भाग जात नाही

ठाण्यात गोखले रोडवर, भांड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, दोन फोन, चार टेबलं आणि भिंतीला टेकवलेला एक लाकडी बाक. मालक निजसुरे हे सबब्रोकर, म्हणजे फोर्टातल्या मोठ्या दलालाच्या हाताखालचे छोटे दलाल. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला दहा-वीस शेअर घ्यायचे किंवा विकायचे असले की तो आमच्या जिन्याने वर यायचा. आम्ही फोर्टात फोन लावायचो, तिकडे सौदा व्हायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी कागदाचे शेअर नाहीतर चेक यायचा. मी तिथे चौदा वर्षं नोकरी केली. गिऱ्हाईकं मला पाध्येबाई म्हणायची.

त्याआधी मी एका सूतगिरणीच्या तपासणी खोलीत होते. सुताची लड यंत्राला टांगायची, ती तुटेपर्यंत ताण वाढवत न्यायचा आणि कितीला तुटली ते वहीत लिहायचं, एवढंच काम. मी नवी असताना सगळ्या लडींची सरासरी काढायचे आणि सरासरीपासून कोण किती लांब आहे ते मोजायचे. कॉलेजात संख्याशास्त्रात तसंच शिकवलेलं. आमचे सुपरवायझर एक दिवस वही बघून म्हणाले, "बाई, सूत जास्त मजबूत निघालं म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने माल परत पाठवलेला नाही. जे ठरलेल्या वजनाच्या खाली तुटतं तेवढंच मोजा." पुढे ती गिरणी बंद पडली. त्यांचं वाक्य मात्र मी निजसुऱ्यांच्या ऑफिसात बरोबर घेऊन गेले.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे येणारी माणसं दोनच प्रश्न विचारायची. दुप्पट कधी होतील, आणि बुडणार तर नाहीत ना? पहिल्याचं उत्तर कोणीही देऊ शकत नाही. दुसऱ्याचं निदान थोडं तरी मोजता येईल असं मला वाटायचं. जाणकार लोक तेव्हा शेअरचा धोका म्हणजे त्याची चढउतार असं धरायचे. जो शेअर जास्त हलतो तो जास्त धोक्याचा. पण वर हललेला शेअर कोणाचं वाईट करतो? मी ठरवलं की बँकेत पैसे मुदतीने ठेवले तर महिन्याला साधारण एक टक्का पडतो, तर तोच आपला काठ. काठाच्या वर जे काही होईल ते मोजायचं नाही. खाली जेवढं जाईल तेवढीच तूट.

समजा एखादा शेअर चार महिन्यांत अनुक्रमे सहा टक्के वर, चार टक्के खाली, पाच वर आणि एक वर असा गेला. सरासरी दोन टक्के, म्हणजे बँकेपेक्षा एक जास्त. तूट एकाच महिन्यात आली. उणे चार म्हणजे काठापासून पाच खाली. पाचाचा वर्ग पंचवीस. वर्ग अशासाठी करायचा, की एक मोठी आपटी चार छोट्या आपट्यांपेक्षा जास्त दुखते. त्याला चारने भागायचं, कारण तूट न आलेले तीन महिनेही महिनेच आहेत. सव्वासहा आले. त्याचं वर्गमूळ अडीच. आता जास्तीच्या एकाला अडीचने भागायचं. आला पॉइंट चार. म्हणजे एक टक्का तूट सोसण्याबद्दल पॉइंट चार टक्के जादा फायदा. हा आकडा जितका मोठा तितका शेअर बरा. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की परदेशात कोणी प्राध्यापकांनी हेच माप काढलंय आणि त्याला रीतसर नावही आहे. मी त्याला 'तुटीमागे फायदा' म्हणत होते.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारचे भाव पेपरातून उतरवून घ्यायचे, कॅल्क्युलेटरवर हिशेब करायचा, तीस शेअरांचा तक्ता करून त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढायच्या. निजसुरे सुरुवातीला हसले. मग गिऱ्हाईकं तक्ता मागायला लागली तेव्हा त्यांनी कागदाचा खर्च मंजूर केला. आमच्याकडे जन्मतारखेच्या अंकावरून कंपनी निवडणारे एक रेल्वेतले गृहस्थ होते. कंपनीच्या वार्षिक अहवालाचा कागद गुळगुळीत असेल तरच शेअर घेणारे कल्याणचे एक डॉक्टर होते. ते दोघेही तक्ता न्यायचे. वाचायचे की नाही, माहीत नाही.

या धंद्यातला बराच वेळ सह्यांत जायचा हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शेअर विकताना फॉर्मवरची सही कंपनीकडच्या सहीशी जुळली नाही की सगळे कागद परत. डोंबिवलीच्या एका मास्तरांना अर्धांगवायू झाला. औषधांसाठी शेअर विकायचे होते आणि हात सहीला वळेना. मी त्यांच्या घरी जाऊन बसायचे. बायको मनगट धरायची, ते जुन्या पासबुकातल्या सहीकडे बघून गिरवायचे. तीनदा कागद परत आले. चौथ्यांदा कंपनीने कोर्टाचे कागद करायला सांगितलं तोवर त्यांची गरज संपली होती. अशा वेळी आपण टेबलाच्या या बाजूला आहोत याची लाज वाटायची.

पण जे सांगायला हे लिहायला बसले ते वेगळं आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला घोडबंदर रोडच्या बाजूला जमिनी विकल्या जायला लागल्या. बाळकुमच्या गावठाणातले रामदास म्हात्रे तेव्हा पहिल्यांदा आमच्या बाकावर येऊन बसले. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा शर्ट, पायात चपला नव्या. खाडीत मासे मिळेनासे झाले तसे ते एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागलेले. बिल्डरने त्यांची घरची शेती घेतली होती. निजसुरे त्यांना नव्या कंपन्यांची नावं सांगत होते आणि ते माझ्या तक्त्याकडे बघत होते.

"बाय, ह्ये काय हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, की कुठला शेअर बँकेच्या व्याजाखाली किती गेला ते यात आहे.

"आन् वर किती गेला ता?"

"त्याचा इथे हिशेब फक्त सरासरीत."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या बोलीत होडीची होरी व्हायची. "ह्या बरा हाय. भरती कवरी पन येवंदे. ओहोटीला होरीखाली पानी किती रेतं ताच बघाचा. मना वर किती जाईल ता नको सांगू. खाली किती जाईल तवरा सांग."

तक्ता इतक्या पटकन कळलेलं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही. त्या वेळी एका औषध कंपनीचा शेअर वेड्यासारखा हलत होता आणि लोक त्याला घाबरत होते. पण त्याचे सगळे झटके वरचे होते. काठाखाली तो तीन वर्षांत चार-पाच महिनेच गेला होता, तेही थोडका. म्हात्र्यांनी जरा विचार करून थोडे घेतले. वर्षभरात चांगले वाढले, तेव्हा विकले. चेक घ्यायला आले तेव्हा पिशवीत माझ्यासाठी सुकट घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, मी खात नाही." तर म्हणाले, "मंग शेजारनीला दे."

त्या दिवशी बाकावर बसून त्यांनी घरचं सांगितलं. धाकटा भाऊ जाऊन तीन वर्षं झालेली. त्याची बायको देवकी, तिला दोन मुली. जमिनीतला भावाचा वाटा तिच्या नावाने बँकेत पडून होता.

"वयनीचा पैसा माज्या भरवशावर हाय," ते म्हणाले. धाकटी भावजय असूनही ते तिला मानाने वयनी म्हणायचे. "माजा बुडला तर मी वाचमनी करीन. तिचा बुडाला नको."

"मग बँकेतच राहू द्या," मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं होतं.

"पोरी मोठ्या व्हतील तवर ता पैसा पुराचा नाय. तूच तर दाखवलास, बँकेपेक्षा बरा हाय."

याच सुमारास फरशीवाली कंपनी आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी आली. खरं नाव लिहीत नाही. फरशी पॉलिश करून परदेशात पाठवते असं अहवालात होतं. शेअर बाजारात येऊन चौदा महिने झाले होते आणि दर महिन्याला तो तीन-चार टक्के वर जात होता. एकही महिना काठाखाली नाही. निजसुऱ्यांनी सांगितलं, तक्त्यात घ्या, लोक विचारतायत.

मी हिशेब केला. तूट शून्य. आणि फायद्याला शून्याने भागायची वेळ आली. तिथे काय लिहायचं? मी आडवी रेघ मारली आणि नाव सगळ्यात खाली टाकलं.

निजसुऱ्यांनी कच्चा तक्ता बघितला. "हा खाली का?"

"साहेब, याचं उत्तरच येत नाही. शून्याने भाग जात नाही."

"धोका शून्य आहे असं तुमचंच गणित म्हणतंय ना?"

"चौदा महिन्यांत दिसला नाही, एवढंच म्हणतंय. बाकीच्यांचे मी तीन-तीन वर्षांचे भाव घेतलेत. आणि फोर्टात मी चौकशी केली. रोज दोनशे-तीनशेच शेअर फिरतात. तेच दोन दलाल घेतात आणि तेच विकतात, भाव त्यांच्याच हातात आहे."

"चांगला माल लोक विकत नाहीत, पाध्येबाई." त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "भाग जात नाही तर भागू नका. वर ठेवा."

निजसुरे लबाड नव्हते, हे इथे सांगायला हवं. त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या आणि बायकोच्या नावाने फरशीवालीचे शेअर घेतले. माझ्या गणितावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी आणखी वाद घालू शकले असते. तीस नावांपैकी एक नाव, त्यात काय एवढं, असं वाटलं. मी स्टेन्सिल दुसऱ्यांदा कापला आणि फरशीवाली पहिल्या ओळीत गेली. आकड्याच्या जागी आडवी रेघ.

म्हात्रे आले. तक्ता हातात घेऊन पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "यो आरवा दांडा कसला?"

"हा शेअर अजून काठाखाली गेलेलाच नाही."

"कदीच नाय?"

"आतापर्यंत तरी नाही."

माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. दोन दलालांचं मी सांगितलं नाही. चौदा महिन्यांचं सांगितलं नाही. निजसुरे शेजारच्या टेबलावर फोनवर बोलत होते आणि त्यांच्यादेखत तक्ता त्यांचाच असल्यासारखं वागायची मला सवय झाली होती. एवढं म्हटलं, की सगळे पैसे एकात नका घालू, तीन-चार नावांत वाटा.

"पयला सोरून दुसरा कनाला घेऊ?" ते म्हणाले. तक्ता समजणाऱ्या माणसाने तेच म्हणायला हवं होतं. देवकीबाईंचा जवळजवळ सगळा वाटा त्यांनी फरशीवालीत घातला.

सात महिने शेअर चढत राहिला. म्हात्रे महिन्यातून एकदा यायचे, पहिली ओळ बघायचे आणि जायचे. आठव्या महिन्यात एका सोमवारी फोर्टातून फोन आला की फरशीवालीला घेणारा नाही. भाव किती पडला विचारलं तर म्हणाले, भाव पडायला सौदा तर व्हायला हवा. ते दोन दलाल बाजूला झाले होते. मी लगेच म्हात्र्यांना निरोप पाठवला, ते कागद घेऊन धावत आले, आम्ही विकायला पाठवले. सहा आठवडे ते कागद जसेच्या तसे फोर्टात पडून होते. पेपरात शेवटचा भाव रोज छापून यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटायचं की अजून काही बिघडलेलं नाही. जिन्यावरून एकेक जण वर यायचा आणि मी त्याला सांगायचे, की हा भाव फक्त छापलेला आहे.

शेवटी सौदा झाला तेव्हा रुपयातले अकरा पैसे राहिले होते. त्या महिन्याचा तक्ता करायला बसले. आता तूट होती, तेव्हा फरशीवालीचाही भागाकार झाला. आकडा तीसमधला सगळ्यात वाईट आला. तो तक्ता मी छापला नाही.

म्हात्रे चेक घ्यायला आले नाहीत. चार दिवसांनी आले ते बाकावर बसून राहिले. निजसुरे त्या दिवसांत ऑफिसात कमीच बोलायचे. ते उठून आतल्या खोलीत गेले.

"वयनीला मना सांगाला जमत नाय," म्हात्रे म्हणाले. "तक्ता तुजा हाय. तू चल."

रविवारी सकाळी मी डोंबिवलीच्या घरून ठाण्याला आले आणि रिक्षाने बाळकुमला गेले. गावठाणात गल्ली अरुंद, रिक्षा बाहेरच सोडावी लागली. घर बसकं, कौलारू, ओटा सारवलेला. देवकीबाई तांदूळ निवडत होत्या. वय पस्तिशीच्या आतलं. मोठी मुलगी भूगोलाचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली होती, धाकटी बाहेर खेळत होती. म्हात्रे दारातच उभे राहिले.

मी चेक देवकीबाईंच्या हातात दिला आणि सांगायला लागले. शेअर म्हणजे काय, भाव कसा ठरतो, घेणारा नसला की काय होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मध्ये न बोलता ऐकलं. मी तक्त्याबद्दलही सांगितलं, आडव्या रेघेबद्दलही. का सांगितलं कोणास ठाऊक. चेकवरचा आकडा त्यांनी मुलीला वाचायला लावला. मुलीने वाचला आणि पुन्हा एकदा वाचला, चुकलंय की काय म्हणून.

"बाकीचा कवा येल?" देवकीबाईंनी विचारलं.

"बाकीचा नाही येणार. एवढाच आहे."

त्यांनी चेक मुलीच्या हातातून परत घेतला. मग म्हणाल्या, "तुजे मालकाचे बी गेले म्हनतान."

"हो. त्यांचेही गेले."

"आन् तुजे?"

मला वाटलं नव्हतं कोणी हे विचारेल. आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.

"माझे नव्हते त्यात."

"कनाला नव्हते?"

"मला खात्री वाटत नव्हती."

देवकीबाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "मंग तुना ठाव व्हता," म्हणाल्या.

दारातून म्हात्र्यांनी "वयनी" म्हणून हाक मारली, त्यांना अडवायला की मला सोडवायला, कळलं नाही. मी काय बोलणार होते? चौदा महिने, दोन दलाल, साहेबांनी वर ठेवायला सांगितलं. सगळं तोंडात होतं आणि त्यातलं काहीही त्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. देवकीबाईंनी मुलीला पाणी आणायला सांगितलं. मी ते प्यायले आणि निघाले. म्हात्रे गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले, रिक्षा थांबवून दिली, रिक्षावाल्याला स्टेशन म्हणून सांगितलं.

ते पुन्हा ऑफिसात आले नाहीत. दोनेक वर्षांनी जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात भेटले. म्हातारे दिसत होते. निवृत्तीचं वय झालं तरी ते वॉचमनची नोकरी करत होते, आता एका नव्या सोसायटीत. देवकीबाई वागळे इस्टेटला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या. मोठीने दहावीनंतर शाळा सोडली आणि आईबरोबर तिथेच लागली. "धाकटीला शिकवणार हाव," म्हणाले. मग माझ्या मुलाची चौकशी केली, आणि पुढच्या गाळ्याकडे गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.

निजसुऱ्यांनी तक्ता बंद करा असं कधी सांगितलं नाही आणि चालू ठेवा असंही नाही. मी वर्षभर काढला नाही. मग लोक मागायला लागले तेव्हा पुन्हा सुरू केला, पण ज्याचे पूर्ण तीन वर्षांचे भाव नाहीत आणि ज्याचे रोज पुरेसे सौदे होत नाहीत ते नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. भागाकार होत नसेल तिथे 'उत्तर नाही' असं अक्षरांत लिहायचे. त्याने पुढे काही जण वाचले असतील. वाचलेली माणसं येऊन सांगत नाहीत, त्यामुळे नक्की माहीत नाही. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला. आता हा आकडा तो क्षणात काढून देतो. तिथली नवीन मुलं भेटली की मला कौतुकाने म्हणतात, काकू, तुम्ही हे हाताने करायचात? मी त्यांना एवढंच सांगते, की हे माप आजवर झालेली तूट मोजतं. न झालेली तूट त्याला दिसत नाही. आणि आकडा फार सुंदर आला की आधी विचारा, तो कोणाच्या हातात आहे.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, घरीही नाही. बाळकुमहून आल्यानंतरच्या आठवड्यात मी डोंबिवलीला बँकेत गेले होते. माझ्या नावाची मुदतठेवीची पावती पर्समध्ये होती. रक्कम देवकीबाईंच्या तोट्याच्या निम्मीही नव्हती, पण मोठीचं शिक्षण झालं असतं. पावती मुदतीआधी मोडायचा फॉर्म मी मागून घेतला आणि बाजूच्या टेबलावर भरायला घेतला. नाव लिहिलं, खाते क्रमांक लिहिला. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचं काय, हा विचार आला, आणि तो खोटा नव्हता. तो पहिल्या वर्षाला होता आणि आमच्याकडे दुसरे पैसे नव्हते. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आता मोडलीत तर व्याजात नुकसान होईल. दीडच वर्ष राहिलंय."

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. दीड वर्षाने मुदत संपली. पैसे व्याजासकट मिळाले.